भावोजींचे मासे आणि माझा संशय

भावोजी गेल्याचं गोदाने फोनवर सांगितलं, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की ही बातमी मला गोदाकडून का यावी? मी त्यांची सख्खी मेहुणी, पेणला राहणारी, रोह्यापासून गाडीने असं कितीसं लांब? आणि शेवटच्या घटकेला त्यांच्याजवळ होती ती ही गोदा, खाडीकाठच्या मिठागरात राबलेली एक बाई... आज दीड महिन्याने हे लिहिताना त्या विचाराची लाज वाटते. पण तो आला होता. भावोजींवर संशय घ्यायची मला सवयच झाली होती.

माणूस अबोल. रोह्याच्या एका कंपनीत शिफ्ट करून निवृत्त झालेला. ताईच्या आजारपणाच्या शेवटच्या वर्षी त्यांनी रोह्याजवळच्या वरसे गावातल्या घरात पुढच्या खोलीत काचेची मोठी टाकी मांडली. साधी नव्हे, खाऱ्या पाण्याची. पाणी उबदार ठेवायला हीटर, ते खेळतं ठेवायला मोटार, आणि आत पांढऱ्या पट्ट्यांचे दोन केशरी मासे. बायको अंथरुणाला खिळलेली आणि हे पाण्यातलं मीठ मोजत बसलेले! त्यांनी ताईची खाटसुद्धा पुढच्या खोलीत आणली, तेव्हा मला वाटलं, माशांपासून उठायला नको म्हणून ही सोय. पुढे ताई गेली. दोनच महिन्यांत शेजारणीने मला हळूच सांगितलं, की आठवड्यातून दोनदा एक बाई घरी येते.

मग मी दर रविवारी, न कळवता, वरसेला जायला लागले. मोरीत कपबशा किती, दारात चपला कुणाच्या, सगळं बघायचे. "कोणी आलं होतं का?" असं विचारलं की भावोजी सरळ सांगायचे, "गोदा आली होती." त्यांनी काही लपवलं असतं तर बरं झालं असतं. असं उघड सांगणं मला जास्तच खटकायचं.

ताई गेल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. ट्रान्सफॉर्मर जळून सगळ्या भागातली वीज आदल्या दुपारपासून गेलेली. त्या वर्षी थंडीही अशी, की पहाटे तोंडातून वाफ निघावी. मी सकाळी पोचले तर पुढचं दार बंद, खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. मागे गेले. परसात चूल पेटलेली आणि पाण्याच्या पातेल्यापाशी गोदा. मी तिच्याशी न बोलता आत घुसले. टाकीभोवती ताईची गोधडी गुंडाळलेली होती, आमच्या आईच्या लुगड्यांची...

"ताईची गोधडी माशांना? काही वाटतं का तुम्हाला?" मी ओरडलेच.

भावोजी मगाने टाकीतलं पाणी उचलून उंचावरून परत आत सोडत होते. डोळे लाल. "सुमन, भांडण नंतर. मोटार बंद आहे, पाणी हललं नाही तर गुदमरतील ते. माझा हात भरून आलाय. जरा घे."

का कोण जाणे, मी त्यांच्या हातातला मग घेतला. गोदा गरम पाण्याने भरलेल्या बाटल्या बुचं घट्ट लावून, पुसून आणायची आणि टाकीत तरंगत सोडायची. गार झालेल्या काढायची. "सरळ गरम पाणीच ओता की," मी म्हटलं. "पाण्यातलं मीठ कमी होईल. मरतील," भावोजी म्हणाले. एक मासा कोपऱ्यात आडवा पडला होता, कल्ले तेवढे हलत होते. दुपारी भावोजी जरा टेकले तेव्हा मी गोदाला धरलं.

"तू इथे कशासाठी येतेस?"

"ताई बोलल्या म्हणून. मी दारावर मीठ घेऊन यायची, तवापासूनची वळख. त्यांना समुद्र बघायचा होता, पण जाता येत नव्हतं. म्हणून ह्यांनी तो घरात आणला. खाट पुढं घ्यायला पण त्यांनीच सांगितलं. आनि मला बोलल्या, गोदा, माझ्या मागं ह्यांच्याशी बोलायला कोण नाय, तू येत जा."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"तुमी इचारलंत कवा?"

तरी माझा पुरता विश्वास बसला नाही. संध्याकाळी वीज आली, मोटार घरघरली, आणि बऱ्याच वेळाने तो आडवा मासा सरळ झाला. भावोजी जमिनीवर बसून रडले. ताई गेली त्या दिवशीही रडले नव्हते. मग त्या माशाकडे बोट करून नाक पुसत म्हणाले, "हिचं नाव तुझ्या ताईने सुमन ठेवलंय. सारखी इकडेतिकडे डोकावत फिरते म्हणून." आम्ही तिघंही हसलो. पण मी माफी मागितली नाही. पुढची नऊ वर्षं माझे रविवार चालूच राहिले, आणि खरं सांगायचं तर चपला बघणंही.

तेराव्यानंतर वरसेला गेले होते. मासे आता थकलेत. मी आणि गोदा वार वाटून घेऊन त्यांचं बघतो. ती काच पुसत होती, तेव्हा शेवटी विचारलं, "मी कशासाठी यायचे ते भावोजींना माहीत होतं?"

"व्हय तर. मीच एकदा त्यांना बोलले, ताईंच्या बहिणीच्या मनातलं काय ते काढून टाका, समोर बसवून सांगा. तर बोलले, नको गोदा. संशय फिटला तर ती यायची नाय."