फेणीच्या बाटलीचं बूच
परवा काजूच्या फेणीची बाटली उघडली आणि बुचाबरोबर मला पेट्रोलचाच वास आठवला, कारण माझी जुनी मोटरसायकल असल्याच एका बुचावर चालते आहे. हे बूच बसण्याआधी ती वर्षभर नुसती उभी होती आणि पेट्रोल घातलं की टाकीखालून थेंब थेंब गळायचं. टाकी कुजली, हा निकाल मीच ठामपणे देऊन टाकला होता. हरमलच्या किनाऱ्यावर खानावळ चालवणारा एक शॅकवाला गाडी दारात शोभेला ठेवायला नेणार होता. टेम्पो येण्याआधी टाकी रिती करायला मी सुर्ल्याच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीला बोलावलं. त्यानं कानामागची विडी न पेटवता टाकी कोरडी पुसली, बुडाला तोंडाची पावडर फासली आणि बघत बसला. पावडर ओली झाली ती पेट्रोल चालू-बंद करायच्या कॉकपाशी. पत्रा कोरडाच होता. कॉक खोलून त्यानं आतलं सुकून आकसलेलं बूच माझ्या हातावर ठेवलं. "टाकी बरी आसा. तुमी गाडी उभी ठेवन बूच सुकवलास." मग घरातल्या फेणीच्या बाटलीचं बूच मागून घेतलं, ब्लेडनं चकती कापली, मधे भोक पाडलं, पेट्रोलात भिजवून बसवली. "चलती ठेवा, गळाची नाय." टेम्पो आला तेव्हा मी चालू गाडीवर बसलो होतो, शॅकवाल्याला म्हटलं, शोभेला दुसरं काहीतरी बघ. आता रोज सकाळी पोदेर पावाची टोपली घेऊन दारात भोंपू वाजवतो, आणि मी त्याच्यासमोरूनच गाडी काढून पाव आणायला साखळीच्या बाजारात जातो.