शर्तवाले सर

सरांना काहीही द्या, हात पुढे करण्याआधी ते विचारत, "शर्त काय?" चहा असो, छत्री असो, नाहीतर माझ्या आईने भोकरदनहून पाठवलेला शेंगदाण्याचा लाडू असो. आई वैतागून म्हणे, "लाडवालाही आता करारनामा लागतो का तुझ्या सरांना?" पण सर गंमत करत नसत. "शर्त काही नाही सर, खा," असं म्हटल्यावरच लाडू तोंडात जाई.

जालन्याच्या मोंढ्याजवळ, कापूस-धान्याच्या बाजाराला लागून, एका माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ती वर्षं. मी तिथेच शिकले आणि तिथेच शिकवायला लागले. दुपारी मुलं गेली की मोंढ्यातल्या कापसाचे तंतू खिडकीतून तरंगत आत येत, की-बोर्डवर बसत, आणि सर डोळे मिटून बोलत राहत. त्या दुपारी मी जागेपणी पाहिल्या की झोपेत, हे आता मला नक्की सांगता येत नाही.

बोलणं एकाच गोष्टीचं. मराठी अक्षरं बिनचूक छापणारा एक प्रोग्रॅम करायचा. ओपन सोर्स. कुणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा. आणि पहिली सीडी टेंभुर्णीला, ते शिकले त्या शाळेत द्यायची. "पोरांनी आपलं नाव आपल्या अक्षरात छापलेलं बघावं, बस," ते म्हणत. असा प्रोग्रॅम कुणी पहिल्यापासून स्वतः लिहीत नाही. परक्यांनी इंटरनेटवर मोकळे ठेवलेले तुकडे घेऊन आपल्या कामात जोडतात. आमच्यात खिडक्या-बटणांचा तुकडा एकाचा होता, जोडाक्षरं जुळवणारा दुसऱ्याचा. हा दुसरा इतका देखणा लिहिलेला की सर तो कादंबरीसारखा वाचत.

सीडी करायची वेळ आली तेव्हा सरांनी दोन्ही तुकड्यांची लायसन्सं, म्हणजे वापरायच्या शर्ती, शेजारी शेजारी ठेवून वाचली. पहिला म्हणत होता, मला ज्यात घ्याल ते सगळं याच शर्तीवर द्या, कुणालाही अडवू नका. दुसरा म्हणत होता, वापरा खुशाल, पण दुकान-धंद्यात वापरायचा नाही.

"हे दोघं एका पंगतीत बसत न्हाईत," सर म्हणाले.

मी भडकले. "टेंभुर्णीत कोण येणार आहे तपासायला? आणि दुकानदारांना नाही मिळालं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

सरांचं घर बौद्ध. गावाच्या लेखी मात्र त्यांची जुनी जात सुटली नव्हती. ते डोळे मिटून म्हणाले, "लहान होतो. बापासंगं गावातल्या दुकानदाराच्या घरी लग्नाला गेल्तो. बोलावणं होतं म्हणून पंगतीत बसलो. पान वाढलं. मंग एक जण आला, म्हणाला, तुम्ही उठा. बाप उठला. मला त्या पानावरची बुंदी अजून दिसून राह्यली." मग म्हणाले, "मी वाढीन त्या पंगतीतून कोणी उठणार न्हाई. दुकानदारसुद्धा."



जोडाक्षरवाल्याला त्यांनी ईमेल केला, शर्त बदलता का म्हणून. त्याने नम्रपणे नाही म्हटलं. "त्याची चीज, त्याची मर्जी. बिलकुल बराबर आहे," सर म्हणाले आणि त्यांनी तो तुकडा काढून टाकला. आमची जोडाक्षरं धडाधड तुटली. मला रडूच आलं.

आता तसं काम करणारा तुकडा आपणच लिहायचा. तो सर लिहितील असं मी धरूनच चालले होते. तर गृहस्थ म्हणतात, "मी न्हाई लिहिणार. त्याचं मी वाचलंय, नकळत माझ्या हातातून उतरंल. तू उघडूनसुद्धा पाहिलं न्हाईस. तू लिही." आयुष्यभराची हौस त्यांनी अशी माझ्या ओंजळीत टाकली! राग आणि माया एकदम दाटून आली की माणसाचं तोंड कसं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

मग रोज दुपारी ते स्क्रीनकडे पाठ करून खिडकीशी बसत. मी छापलेला कागद त्यांच्या खांद्यावरून पुढे करी. "हा क्ष लंगडून राह्यला." "त्र ला जरा श्वास घेऊ दे, वंदना." कसं लिहायचं याबद्दल मात्र चकार शब्द नाही. मोंढ्यात नवा कापूस आला, तेव्हा एका दुपारी हातातल्या कागदावर त्यांना एकही लंगडं अक्षर सापडलं नाही. कापूस डोक्यावर उतरत होता आणि ते नुसते बघत होते.

टेंभुर्णीच्या शाळेत पोरांनी नावं छापली आणि कागद छातीशी धरून ती पळत सुटली. आम्ही निघालो तर दारात एक माणूस घुटमळत होता. "सर, आमचं गावात दुकान आहे. पावत्या मराठीत छापाव्या म्हणतो. आम्हाला चालंल का हे?" सरांनी विचारलं, "कोणाचे तुम्ही?" त्याने आजोबांचं नाव सांगितलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तेच घर," ते हळूच म्हणाले. मग पिशवीतून सीडी काढून त्यांनी दोन्ही हातांनी त्याला दिली.

"काही अट वगैरे?" त्याने विचारलं.

"एकच. पुढं तुमच्याकडं कोणी मागायला आला तर त्याला उठवायचं न्हाई."

तो बिचारा न समजता मान डोलावत राहिला.

सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. अजून कुठून कुठून अनोळखी लोकांचे ईमेल येतात, तुमचा जोडाक्षरांचा तुकडा आमच्यात घेऊ का, शर्त काय? मी डोळे मिटते, आणि ती परतीची एसटी दिसते. सर खिडकीला डोकं टेकून बसलेले. मला वाटलं, झोपले. तर डोळे न उघडताच म्हणाले, "वंदना, त्या दिवशीचं जेवण आज झालं बघ."