पाचारणाचा अर्थ

आमच्या ख्रिस्ती मंडळीत उभं राहून साक्ष मी पुष्कळदा दिलीय. दारू कशी सुटली, नगर जिल्ह्यातून दिल्लीला कसा आलो, शिपायाची नोकरी प्रभूने कशी लावून दिली — सगळं. ही एक गोष्ट त्यात कधी आली नाही. बायकोला ठाऊक होती, पण ती गेली. म्हणजे उरलो मी आणि देव. आणि आता तुम्ही.

लिहितोय मीच. शब्द अडला की मोबाइलला विचारतो. वेळ लागतोय, लागू दे.

कुठून सांगू? जोडाक्षरांपासून सांगतो. मी चौथी शिकलेला. साधा शब्द वाचता येतो, जोडाक्षर आलं की जीभ अडते. आणि आपलं पवित्र शास्त्र म्हणजे पानोपानी जोडाक्षरं — 'ख्रिस्त' म्हणायचं तरी पहिलंच अक्षर तसलं. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये दर रविवारी दुपारी मराठी मंडळी जमायची, आठ-दहा कुटुंबं. वचन मी वाचायचो. वाचायचो कसला — शनिवारी माझी मुलगी करुणा तो अध्याय मला चार-पाचदा वाचून दाखवायची, मी पाठ करायचो, आणि रविवारी पुस्तक उघडं धरून धडाधड म्हणायचो. वेळेवर पानसुद्धा उलटायचो. लोक म्हणायचे, काका काय वाचतात! ते फार गोड लागायचं मला. आजही लागेल — खोटं कशाला बोलू?

पण सांगायला बसलोय ते हे नाही. हे लहान.

करुणा दिल्लीत वाढली, हिंदी शाळेत शिकली. अक्षरं तीच, म्हणून मराठी घडाघडा वाचायची. जड शब्दांचा अर्थ मात्र मी सांगायचा. तिला कळायचं नाही, मला वाचता यायचं नाही. दोघांचं मिळून एक माणूस व्हायचं.

तर — नर्सिंग पुरं करून ती दिल्लीतल्याच एका दवाखान्यात लागली होती. चोवीस वर्षांची असेल. हिमाचलच्या डोंगरात मिशनचं एक लहान हॉस्पिटल होतं, तिथे नर्स टिकत नव्हत्या. त्यासाठी तिने वर्षभर प्रार्थना केली होती, कुणाला न सांगता. आणि तिकडून पत्र आलं — या, पंधरा दिवसांत कळवा. तिचा चेहरा तेव्हा... आपण विचारत असतो ना आयुष्यभर, देवा, मला कशासाठी केलंस? तिला उत्तर मिळालं होतं. मला कधी मिळालं नव्हतं. तेही टोचलं असेल कुठेतरी.

शनिवारी ती ते पत्र मांडीवर ठेवूनच वचन वाचायला बसली. अध्याय शास्त्रातल्या पौलाच्या पत्रातला होता, त्यात 'पाचारण' शब्द आला. ती थांबली.

"पप्पा, पाचारण म्हणजे बुलाहटच ना? हिंदी चर्चमध्ये म्हणतात ती?"

हो म्हणायचं होतं. एवढंच. दोन्ही एकच — देवाचं बोलावणं.

मी म्हणालो, "नाही बेटा. बुलाहट वेगळी. पाचारण म्हणजे नेमून दिलेली जागा. देवाने जिथे ठेवलं तिथून हलायचं नाही, त्याला पाचारण म्हणतात. हिंदीत हा शब्दच नाही."

इतकं चटकन सुचलं कसं? कळलेलं नाही मला. की कळलंय? ती गेली तर शनिवारी वाचून कोण दाखवणार? दोन रविवारांत सगळ्यांना समजलं असतं, काकांना वाचता येत नाही. एवढ्यासाठी. बस्स, एवढ्यासाठी.

स्वयंपाकघरातून बायको बोलली, "बाई गं! आज नवीनच मराठी कानावर आली."

"तू गप. तुला काय कळतं? शास्त्र वाचलंयस कधी?"

हे मी बोललो — मी! तिला सहीसुद्धा येत नव्हती. ती गप्प झाली ती त्या विषयावर कायमचीच.

करुणा "अच्छा" म्हणाली. पत्राची घडी घातली. सोमवारी नकार कळवला. पुढचा शनिवार आला, तिने अध्याय वाचून दाखवला.

तुम्ही म्हणाल, आजारपण असेल, म्हातारपणाची भीती असेल. काही नव्हतं. मी पन्नाशीचा, धडधाकट, सायकलवर ऑफिसला जायचो. बायको चांगली हिंडतीफिरती होती.

आता आम्ही गुरुग्रामला राहतो. करुणा एका मोठ्या हॉस्पिटलात विम्याचे कागद तपासते. रोग्याला हात लावून तिला किती वर्षं झाली, मी विचारलेलं नाही. रविवारी ती मंडळीतल्या मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे शास्त्राचा वर्ग, घेते. मागच्या महिन्यात मी मागे खुर्चीवर बसलो होतो. एका मुलीने विचारलं, "दीदी, गॉडने मला कशासाठी बनवलं ते कसं कळणार?"

करुणा हसली. "माझ्या पप्पांनी मला शिकवलंय. बिल्कुल याच्यासाठी एक मराठी शब्द आहे."

आणि तिने फळ्यावर लिहिलं — पाचारण. पुढे माझा अर्थ. मुलांनी वहीत उतरवून घेतला, मोठ्याने म्हटलासुद्धा. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "बरोबर ना, पप्पा?"

मी मान डोलावली.

तेव्हाचं एक वेळ माफ होईल — नाही, तेही नाही. पण हे आत्ताचं? आता मोबाइलच शास्त्र वाचून दाखवतो. मंडळीत वचन वाचायला दुसरे आहेत. कसलीही भीती उरलेली नव्हती मला. तरी मान डोलावली.

हे मंडळीच्या पत्रिकेत छापायला देणार आहे. त्याआधी करुणाच्या हातात देईन. माझा कागद ती हातात पेन घेऊनच वाचते. पहिल्या ओळीपासून काना, वेलांटी सुधारत येईल. मग त्या शनिवारपाशी येईल.

मी समोरच बसलेला असेन.