कुजबुज ऐकू येईल असं गाव

अर्गिरो माझी भावजय. माझा भाऊ सिदेरिस हा मासेमार, आणि ती शेजारच्या बेटावरून लग्न होऊन आमच्या मिक्रोयालोत आली. आमच्या लेरोस बेटावर येणारं जग बंदराच्या बाजूला उतरतं आणि तिकडेच राहतं. आमचं गाव डोंगराच्या मागे, दोन खडकांच्या मध्ये बसलेलं. सिदेरिसनं होडीच्या कोठीवर दोन खोल्या बांधल्या, उन्हाळ्यात पाहुणे ठेवायला. दगडसुद्धा त्यानं स्वतः वाहून आणले. खोल्या पुऱ्या झाल्या आणि पुढच्या वसंतात जाळं ओढता ओढता तो होडीतच कोसळला, तो कायमचा.

त्यांची मुलगी मेलबर्नला. ती म्हणायची, "आई, विकून टाक आणि इकडे ये." अर्गिरो म्हणायची, "बघू." आणि खोल्यांना दरसाल चुना द्यायची.

पाहुणे मात्र येत नसत, कारण तिला फोनवर खोटं बोलता येत नसे.

"वाळूचा किनारा आहे का?" कुणीतरी विचारायचं.

"नाही हो, गोटे आहेत. पायाला टोचतात."

"संध्याकाळी करायला काय आहे?"

"काय करणार? बसायचं."

माझा नवरा झाखारिस कपाळावर हात मारून घ्यायचा. किनाऱ्यावरचं कॉफीचं एकुलतं एक दुकान त्याचं. "वहिनी, अगं गोट्यांना रंगीत खडे म्हणावं! बसण्याला विश्रांती म्हणावं! तू लोकांना बोलावतेस की हाकलतेस?"

"आल्यावर त्यांना दिसणारच आहे ना? मग तू जाशील का तोंड दाखवायला?"

एका मे महिन्यात असाच फोन आला. मी तिथंच बसून भाजी निवडत होते. मोठ्या बंदराच्या शहरातून, पिरेअसहून, एक बाई बोलत होती, नाव पोलिक्सेनी. किनारा, दुकानं, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. विचारलं एवढंच, "तुमच्याकडे आवाज कशाकशाचा असतो?"

अर्गिरो विचारात पडली. "सकाळी होड्यांची इंजिनं. मग शेळ्यांच्या घंटा. वारा सुटला तर वारा." माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि माझी नणंद. तिला मात्र बंद करता येत नाही."

पलीकडची बाई हसली. म्हणाली, "आम्ही येतो."

जूनमध्ये दोघं आली. झाखारिस त्यांना आणायला बंदरावर गेला आणि परतला तो फुरंगटून. "सगळा रस्ताभर मी बोलतोय, आणि हा गृहस्थ एका शब्दाला उत्तर देत नाही. मानेला रुमाल काय, टोपी काय! स्वतःला कोण समजतो?"

अर्गिरोला मात्र त्याच दुपारी सगळं कळलं. पोलिक्सेनीनं तिला चादरी घालायला मदत करता करता सांगितलं. वायोस, तिचा नवरा, पिरेअसच्या बाजारात जन्मभर मासळी विकत होता. त्याची आरोळी ओळीतल्या शेवटच्या गाळ्यापर्यंत पोचायची. लोक आधी त्याचा आवाज ओळखायचे, मग मासळी. घशाचा आजार झाला, डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज.

"आमचं घर मोठ्या रस्त्यावर आहे," पोलिक्सेनी म्हणाली. "खाली बसगाड्या, मोटारसायकली... सतत आवाज. ते काही म्हणायचे, मी म्हणायचे 'काय?' परत म्हणायचे, मी परत 'काय?' एक दिवस ते बोलायचेच थांबले. मुलगा म्हणाला, मोठ्या बेटावर जा, पोहण्याचा तलाव आहे, रोज रात्री गाणी असतात. मी म्हटलं, बाबा, मला असं गाव हवंय जिथं मला 'काय' म्हणावं लागणार नाही."

नेमकं त्याच आठवड्यात झाखारिसनं दुकानाच्या दारावर मोठा कर्णा टांगला होता. जाणाऱ्या येणाऱ्या शिडाच्या होड्यांनी गाणी ऐकून आत वळावं, हा त्याचा बेत. अर्गिरो चादर तशीच टाकून खाली गेली.

"बंद कर ते."

"वहिनी, गिऱ्हाईक येतं गाण्यानं!"

"कुठंय गिऱ्हाईक? ही तीन मांजरं?"

"येईल की! धंद्यातलं तुला काय कळतं? तू तर फोनवर लोकांना गोटे विकतेस."

तेव्हा तिनं त्याला वायोसची गोष्ट सांगितली. माझा नवरा आरडाओरडा करणारा आहे, वाईट नाही. त्यानं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग स्टुलावर चढला आणि त्यानं तार उपटली. "गाडीत मी त्याला 'मुका आहेस का' म्हणालो, वहिनी," तो म्हणाला, आणि त्या दिवशी जेवलाच नाही.

कोळ्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी दुकानात ऐकलं असणार. दुसऱ्या सकाळी मी पाणी शिंपायला बाहेर आले तर होड्या वल्ह्यांनी निघाल्या होत्या. पार खडकांच्या पलीकडे गेल्यावर त्यांनी इंजिनं सुरू केली. म्हातारा स्ताव्रोससुद्धा, ज्याचे खांदे दुखतात आणि जो एरवी दुसऱ्यासाठी खुर्चीही सरकवत नाही.

वायोस पहिले काही दिवस गच्चीवर झाऊच्या झाडाच्या सावलीत बसून राहिला. मग एका सकाळी अर्गिरो आणि पोलिक्सेनी आत शेंगा सोलत असताना बाहेरून आवाज आला, वाळलेल्या पानासारखा.

"पोलिक्सेनी, अंजिरं पिकलीत. आणू का दोन?"

"आणा," ती म्हणाली. "टोपी घाला पण."

तेवढंच. पुढची शेंग तिनं उचलली, आणि तिला ती सोलता येईना. अर्गिरोनं हळूच तिच्या मांडीवरची परात आपल्याकडे ओढून घेतली.

त्यानंतर वायोस जो बोलायला लागला! दुकानात येऊन बसायचा, समोर ऊझोचा, आमच्या बडीशेपेच्या दारूचा, पेला आणि खारवलेला बांगडा, आणि बाजारातल्या गमती सांगायचा. शिळी मासळी खपवणारे, घासाघीस करणाऱ्या बायका, एकदा गाळ्यावरून पळालेला ऑक्टोपस. सगळं गाव टेबलावर वाकून ऐकायचं. कुणाचा चमचा वाजला तर बाकीचे त्याच्यावर डोळे वटारायचे. माझा नवरा जन्मात पहिल्यांदा हळू बोलायला शिकला, आणि याबद्दल मी वायोसचे किती आभार मानावे तेवढे थोडेच आहेत.

निघताना पोलिक्सेनी अर्गिरोच्या गळ्यात पडली. "तुम्ही मला माझा नवरा परत दिलात."

"मी काय दिलं? मी चादरी दिल्या," अर्गिरो म्हणाली. पण संध्याकाळी ती सिदेरिसच्या थडग्यावर जाऊन बराच वेळ बसली. आल्यावर मला म्हणाली, "त्याला सांगितलं, खोल्या कामाला आल्या."

पुढे दर उन्हाळ्यात ती दोघं येत राहिली. मग एका हिवाळ्यात अर्गिरोच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि तिला शस्त्रक्रियेसाठी पिरेअसला जावं लागलं. पोलिक्सेनीनं तिला दुसरीकडे उतरूच दिलं नाही. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं आधीच अंधूक, आणि खाली तो रस्ता गरजतोय. आमच्या गावाबाहेर फारशी न पडलेली बाई, ती पार घाबरून गेली. मग वायोस तिच्या पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसला. कानाशी वाकून, बाहेर काय चाललंय ते तिला सांगत राहिला: आता बस थांबली, आता समोरची बाई गालिचा झटकतेय, आता दोन ड्रायव्हर भांडतायत पण एकाला हसू येतंय. पट्टी सुटेपर्यंत तो रोज तसा बसला.

अर्गिरो परत आली तेव्हा मी विचारलं, "वहिनी, मग पिरेअसला काय काय पाहिलंस?"

"सगळं पाहिलं," ती म्हणाली. "वायोसनं दाखवलं."

आता मुलीचा फोन आला की मेलबर्नचा विषय निघत नाही. उलट मुलगीच नातवंडांना घेऊन इकडे येणार आहे, ऑगस्टात, आमच्या चर्चमधल्या देवमातेच्या सणाला. वायोस आणि पोलिक्सेनीही तेव्हाच येतायत. खोल्या दोनच, माणसं फार, म्हणून अर्गिरोनं गच्चीवर झोपायला चटया काढल्यात आणि मला हुकूम सोडलाय की चण्यांचं मोठं मडकं तू चढव. मी चढवते आहे.