गुरुवारचा पिक्चर आणि पिवळं स्टिकर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते आमच्या लाइनवरच्या स्क्रॅपसारखे साठतात. रोज एखाद-दुसरा तुकडा पडतो आणि एक दिवस बघावं तर भंगाराचा बिन काठोकाठ. आमच्या तिघांचा बिन भरला तो शाळा-कॉलेजातल्या पोरांच्या पिक्चरांनी. तिघंही पंचेचाळिशीच्या पुढचे. हसा खुशाल.

तिघं म्हणजे मी, मिलिंद आणि बाळासाहेब. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या तपासतो. मी पिंपळे सौदागरला राहतो, मिलिंद संत तुकाराम नगरला, बाळासाहेब मूळचा कुरुळीचा. आमची सुट्टी गुरुवारी आणि नवा पिक्चर लागतो शुक्रवारी. म्हणजे आम्ही गाठतो तो नेहमी जायच्या वाटेवर असलेला पिक्चर. जगाचं बघून झालं की मग आमचा नंबर.

*

पहिल्यांदा गेलो ते चुकून. मारधाडीचा पिक्चर बघायचा होता, मिलिंदनं मोबाइलवर भलतंच बटण दाबलं. आत गेलो तर सगळीकडे अकरावी-बारावीच्या मुली आणि पडद्यावर शाळेचं गॅदरिंग. पुढच्या रांगेतली एक मुलगी सारखी वळून बघत होती. शेवटी धीर करून म्हणाली, "काका, तुमची मुलगी कुठे बसलीय? आम्ही तिला हळूच सांगतो, तुम्ही आलाय म्हणून."

बाळासाहेब म्हणाला, "न्हाई गं बाय. आमी आमच्यासाठीच आलोय."

इंटरव्हलला उठून जायचं ठरलं होतं. उठलं कुणीच नाही. मोबाइलवरचा विश्वास मात्र उडाला, तेव्हापासून तिकीट खिडकीवरच काढतो.

*

तपासणीवाल्याची खोड थेटरातही सुटत नाही. मिलिंदच्या खिशात कायम स्टिकरच्या पट्ट्या. हिरवं म्हणजे ओके, लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळं म्हणजे रिवर्क, माल दुरुस्त होण्यासारखा आहे, टाकू नका. पिक्चर सुटला की बाहेर चहा, आणि तिघांचं एकमत झालं की तिकिटावर स्टिकर.

एका पिक्चरमधला अकरावीचा हिरो चांगला दाढीवाला, मानेवर शिरा तटतटलेल्या. मिलिंद म्हणाला, "हा अकरावीत? अरे, याचा पीएफ कापत असतील राव." लाल.

दुसऱ्या एका पिक्चरमध्ये पोरगं दोन तास बाइकच फिरवत होतं. बाळासाहेबानं एकच प्रश्न विचारला. "पेट्रोल कुणाच्या बापाचं?" लाल.

पिवळं कधी वापरलंच नाही. थेटरात आलेल्या पिक्चरचं रिवर्क कोण करणार? ती पट्टी मिलिंदच्या खिशात कोरी करकरीत राहिली.

*

हिरवं पहिल्यांदा लागलं ते बाळासाहेबाच्या हट्टानं. त्या पिक्चरमधला मुलगा आरशासमोर आठ दिवस एक वाक्य पाठ करतो आणि मुलगी समोर आल्यावर विचारतो, "जादा पेन आहे का?" बस, एवढंच. बाळासाहेबाचे डोळे पाणावले. म्हणाला, "एशीनं डोळं चुरचुरत्यात."

चहा पिताना आपणहून सांगायला लागला. "दहावीला व्हतो. ती कुरुळीच्या फाट्यावर एस्टीला उभी ऱ्हायची. म्या एक दिस इचारलं, किती वाजले. माझ्या हातात घड्याळ व्हतं, भावा. तिनं त्याच्याकडं बघितलं, हसली, आन् एस्टी आली."

"मग?" मिलिंदनं विचारलं.

"मग काय? तिथं आता आपलं दोन नंबरचं गेट हाय. रोज तिथंच हजेरीचं कार्ड पंच करतो." मग चहा संपवून म्हणाला, "पोरगं काय बोलतं ते न्हाई बघायचं. बोलायचं काय ऱ्हातं, त्यावर पिक्चर असतो."

*

मिलिंदचा राग होता पिक्चरमधल्या वडिलांवर. त्याचं म्हणणं, हे वडील एक तर कानाखाली देतात, नाही तर शेवटी स्टेशनवर मिठी मारतात. असे वडील कुणी बघितलेत?

"माझे वडील वर्षानुवर्षं थर्ड शिफ्टला," तो म्हणाला. "आम्ही शाळेतून यायचो तेव्हा ते झोपलेले. आमच्या पिक्चरमध्ये वडील म्हणजे पांघरुणातून बाहेर आलेले दोन पाय. बारावीचा निकाल लागला तेव्हा मी त्या पायांनाच सांगितलं, बाबा, पास झालो."

"पाय काय म्हणाले?" मी हसत विचारलं.

"आत घेतले. थंडी वाजत असेल."

मला हसायला नको होतं. त्या दिवसापासून नियम झाला, ज्याच्यात बाप खोटा तो पिक्चर रिजेक्ट. नियमाला सगळ्यात मोठ्यानं हो म्हणणारा मी.

*

माझी मुलगी सई अकरावीला आहे. कॉलेजच्या स्पर्धेसाठी ती दहा मिनिटांची फिल्म करत होती. एका बुधवारी मी डबा धुवायला टाकत होतो, तेव्हा येऊन म्हणाली, "पप्पा, उद्या एक तास द्याल? वडिलांचा रोल आहे. एकच वाक्य आहे, 'बस, काय झालं?' आईला कॅमेऱ्यासमोर हसू आवरत नाही, म्हणून वडील ठेवलेत."

मी म्हणालो, "उद्याचं ठरलंय गं. आठवड्यात एकच तर गुरुवार मिळतो. पुढच्या वेळी नक्की."

ती "बरं" म्हणाली. ते "बरं" मी तपासलं नाही. तीस वर्षं माल तपासतोय, पण ते तसंच जाऊ दिलं. त्या गुरुवारी कुठला पिक्चर बघितला तेही आता आठवत नाही, याची जास्त लाज वाटते.

फिल्म तयार झाल्यावर मीच हौसेनं दोघांना घरी बोलावलं. अशा पिक्चरांचे जाणकार म्हणून! लॅपटॉप टेबलावर ठेवला. फिल्ममधली मुलगी सईच होती. घर आमचंच. ती दार उघडून आत येते, दप्तर ठेवते आणि टेबलापाशी उभी राहते. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर माझा कंपनीचा शर्ट लटकवलेला. ती बराच वेळ नुसती उभी. कुणीच काही बोलत नाही. मग ती स्वतःच बसते आणि शर्टाला सांगते, "सायन्स मला झेपत नाहीये. तीन महिने झाले, रोज सांगायचं ठरवते."

फिल्म संपली. बाळासाहेब खिडकीकडे बघत होता. मिलिंदनं काही न विचारता हिरवं स्टिकर काढून लॅपटॉपच्या कडेला लावलं.

मी म्हणालो, "सई, हे सायन्सचं फिल्मपुरतं आहे ना?"

ती टेबलापाशी तशीच उभी राहिली, फिल्ममध्ये होती तशी.

मी समोरची खुर्ची ओढली आणि म्हणालो, "बस. काय झालं?"

तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग मिलिंदकडे हात पसरला. त्यानं तिन्ही पट्ट्या तिच्या हातावर ठेवल्या. तिनं त्यातली कोरी पट्टी निवडली, एक पिवळं स्टिकर सोडवलं, माझ्या अंगातल्या शर्टाच्या खिशावर नीट दाबून लावलं आणि खुर्चीत बसली.