छज्ज्यावरची एक वीत

संदेश घाग मोठमोठ्या इमारतींच्या एसीचं डिझाइन करतो, पण तो काही इंजिनिअर होऊन या लाइनीत आला नाही. शहाडला वाढला, आयटीआय केलं आणि नऊ वर्षं खांद्याला हत्यारांची पिशवी लावून लोकांचे एसी दुरुस्त करत फिरला. मग एकदम ते काम सोडून डिप्लोमाला बसला. आता वागळे इस्टेटमधल्या एका कन्सल्टंटकडे असतो. कुठल्या खोलीत दुपारचं ऊन किती, काच किती, माणसं किती हे मांडून किती टनांचं मशीन लागेल ते काढतो. त्याचा आकडा सहसा चुकत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या ऑफिसला घोडबंदर रोडवरच्या बेचाळीस मजली टॉवरचं काम मिळालं. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. संदेशने तीन महिने त्यात घातले. प्रत्येक फ्लॅटला एक मोठं आउटडोअर मशीन आणि ते ठेवायला मागच्या अंगाला चार फुटांचा छज्जा. मशीन आणि हवेची जागा सोडली की दुरुस्तीवाल्याला उभं राहायला दोन फूट उरत होते.

मार्चमध्ये आर्किटेक्टकडून नवीन ड्रॉइंग आलं. बिल्डरला किचन मोठं हवं होतं, म्हणून छज्जा कापला होता. दुरुस्तीवाल्यासाठी उरली होती जेमतेम एक वीत. बाहेर जायचं ते बाथरूमच्या खिडकीतून.

"मशीन बसतंय ना?" साहेबांनी, गुरुदत्त सरांनी विचारलं.

"मशीन बसतंय सर. माणूस मावत नाही."

"अरे, वर्षातून दोनदा सर्व्हिसिंग. ते लोक करतात बरोबर. तू सही करून पाठव."

संदेशने सही केली नाही. फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. चार वेळा चहाला खाली जाऊन आला. दोन दिवस हेच. घरी जेवताना बायको, योगिनी, म्हणाली, "आमटी निवली. काय झालंय?"

त्याने सांगितलं. ती म्हणाली, "मग आनंदला विचार ना. त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?"

आनंद म्हणजे संदेशचा तेव्हाचा जोडीदार. दोघं मिळून कामं करायचे. अकरा वर्षांपूर्वी डोंबिवलीत एका बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावरून आनंद पडला. खालच्या पत्र्यावर आपटला म्हणून वाचला, पण कंबरेचं हाड मोडलं ते कायमचं. त्याच आठवड्यात संदेशने ते काम सोडलं होतं. हळूहळू आनंदकडे जाणंही सोडलं.

रविवारी तो डोंबिवलीला गेला. आनंदचं छोटं दुकान आहे. बसल्या बसल्या एसीची सर्किटं दुरुस्त करतो.

"वाट चुकलास काय रे?" आनंद म्हणाला.

संदेशने टेबलावर ड्रॉइंग पसरलं. "किती जागा असती तर तू पडला नसतास?"

आनंदने बराच वेळ कागद पाहिला. "जागेचं नाही रे. तिकडे दीड फूट होती की. पण मी उभा राहिलोच कुठे? खिडकीतून उलटं उतरायचं, पाय कुठे टेकतोय तेच दिसत नाही. तोंड पुढे करून चालत जाता यायला हवं."

"म्हणजे दार."

"दार. आणि भिंतीत कडी. सेफ्टीचा पट्टा होता माझ्याकडे, पण अडकवू कशाला?"

संदेशने ते लिहून घेतलं. निघायला उठला आणि दारातच थांबला.

"त्या दिवशी बाहेर जायची पाळी माझी होती."

"माहितीय. ताप होता तुला."

"ताप नव्हता. मला भीती वाटलेली. खोटं बोललेलो मी."

आनंदने हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "तू जा आता. कागद राहू दे इथे."

संदेश शहाडला परतला, पण त्याला कुठेच बसवेना. सोमवारी ऑफिसात कोणी हाक मारली तरी दचकत होता. मंगळवारी आनंदचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "कडी खांद्याच्या उंचीवर घे. डाव्या हाताला. उजव्या हातात पाना असतो." एवढं बोलून त्याने ठेवला.

शुक्रवारी मीटिंगला उर्वी नावाची तरुण आर्किटेक्ट आली होती आणि बिल्डरचा माणूसही. संदेशने मीटिंग रूमच्या फरशीवर खडूने तो छज्जा आखला, अगदी मापात. मशीनच्या जागी खोकी ठेवली, खिडकीच्या जागी टेबल.

"मॅडम, टेबलावरून उलट्या उतरा. पाय रेषेच्या आत ठेवा."

"संदेश, काय हा प्रकार!" गुरुदत्त सर म्हणाले.

उर्वी मात्र चपला काढून टेबलावर चढली. पाठमोरी उतरली. तिचा पाय रेषेच्या बाहेर टेकला. तिने खाली पाहिलं.

"परत करते," ती म्हणाली. दुसऱ्यांदाही पाय बाहेरच.

बिल्डरचा माणूस किचनचं काहीतरी बोलायला लागला. उर्वीने त्याला थांबवलं. "युटिलिटीतून, धुण्याच्या जागेतून, दार काढू. वॉशिंग मशीन पलीकडे सरकेल. छज्जा साडेतीन फूट करते, चार जमणार नाही."

एकोणचाळीस मजल्यांना दार मिळालं, डाव्या हाताला कडीही मिळाली. वरच्या तीन मजल्यांवरची पेंटहाउस आधीच विकली गेली होती. दाराच्या जागी मालकांनी बाथटब मागितले होते. तिथे खिडकीच राहिली.

संदेशने आनंदला मेसेज केला. आनंदने तो वाचला, उत्तर दिलं नाही.

आता टॉवर बाराव्या मजल्यापर्यंत आलाय. संदेशचं तिथे काम नसतं, तरी आठवड्यातून एकदा तो साइटवर चक्कर मारतो, नव्या मजल्याची प्रत्येक कडी धरून ओढून बघतो. वरच्या तीन मजल्यांच्या ड्रॉइंगवर त्याने अजून सही केलेली नाही. गुरुदत्त सर रोज विचारतात. तो म्हणतो, "बघतो सर, एक दुसरा मार्ग दिसतोय," आणि पुन्हा पट्टी घेऊन बसतो.