मागच्या दारची हाक

१९ ऑगस्ट. मुलीचा ओला युनिफॉर्म चुलीवरच्या काठीला वाळत घातला आणि फोनवर निरोप आला: पाऊस जास्त, शाळांना सुट्टी. पण मी नर्स, मला सुट्टी नसते. दिग्गी गावाकडच्या वाड्यांवर बाळांना लस द्यायची होती. जीप दारात उभी होती.

नवरा कामाला गोव्यात, शनिवारी येतो. आठ वर्षांच्या मुलीला घरी ठेवून निघाले, तर शेजारची अक्का कुंपणावरून म्हणाली, "एकलीच ऱ्हातीया व्हय? आमच्याकडं धाड की."

"दुपारी येतेच मी. तुमच्याकडं आली की दिवसभर टीव्ही बघते."

"बघंना! टीव्ही काय खातोय तिला?"

आमच्या आरोग्य केंद्रातल्या साहेबांना मिटिंगमध्ये 'वर्क-लाइफ बॅलन्स' म्हणायची हौस आहे. 'सुपरमॉम'ही म्हणतात. म्हणजे नोकरी कर आणि भांडीही तूच घास. असलं ऐकलं की माझं डोकं फिरतं. पण माझ्याही तोंडात एक बसलंय: 'जस्ट टू मिनिट्स'. मुलीनं काहीही मागितलं की हेच. त्या दिवशी दार ओढतानाही हेच म्हटलं.

आमचं घर रानाला लागून. बाहेरून हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही, हे इथं पोराटोरांना ठाऊक असतं. माणूस असेल तर तिसरी मारतो. मी असलं काही मानत नाही. पण एकट्या मुलीसाठी नियम बरा, म्हणून शिकवला होता.

ओढा भरला, जीप अडकली. घरी पोचायला साडेचार झाले. धुकं अंगणापर्यंत आलं होतं. दाराला आतून कडी. तीन हाका मारल्या. आत सामसूम.

"अगं, आई आहे मी!"

"मघाशीपण तूच होतीस," आतून बारीक आवाज आला. "मागच्या दारी. दोनदा हाक मारलीस, मग म्हणालीस, 'जस्ट टू मिनिट्स'. खिडकीतनं बघितलं तर कोणच नव्हतं."

मी दाराच्या फटीला तोंड लावलं.

"काल तुझ्या डोक्यातल्या सात उवा कुणी काढल्या?"

"नऊ होत्या. तूच काढल्यास," ती म्हणाली. कडी निघाली.

मागच्या दारी चिखलात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. कोंबड्या मात्र दिवसाउजेडी खुराड्यात चिडीचूप बसल्या होत्या. रानातला कोतवाल पक्षी नकला करतो, मांजराची, घारीची. त्यानंच केली असेल. पण तोही वारंवार ऐकलेलंच उचलणार. मुलीनं त्या दोन मिनिटांवर विश्वास ठेवून दार उघडलं असतं तर?

दुसऱ्या सकाळीही शाळेला सुट्टी. मुलीला अक्काकडं टीव्हीसमोर बसवलं आणि सांगितलं, "साडेपाच वाजतील." जीपकडं वळले, तर आमच्या घरामागच्या बांबूतून मुलीच्याच आवाजात "आई" अशी हाक आली. अक्काच्या खिडकीतून बघितलं. मुलगी टीव्ही बघत होती. दुसरी हाक आली. मी ओ दिली नाही. जीपमध्ये चढून दार ओढून घेतलं.